सात नंबरचं पाणी

मी सात नंबरची बोअर बोलतेय. आज पहिल्यांदा बोलतेय असं समजू नका. बारा वर्षं बोलतेय. पण माझं बोलणं ऐकायचं तर आधी टोपण उघडावं लागतं, आणि नेमकं तेवढंच काम माणसांना जड जातं.

बोअर म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, पंप असेल, नळ असेल, धो धो पाणी असेल. तसलं काही नाही. माझं पाणी कोणी कधी तांब्याभर प्यालं नाही की रोपाला घातलं नाही. मी तपासणीची बोअर. जमिनीच्या पोटात काय चाललंय ते कळावं म्हणून पाडलेलं एक भोक. चाळीस मीटर खोल, वीतभर रुंद. आत प्लास्टिकचा पाइप, त्याला खालच्या अंगाला बारीक चिरा, पाणी झिरपून यावं म्हणून. वर गुडघाभर उंचीचं लोखंडी नळकांडं, त्याला टोपण, टोपणाला कुलूप. नळकांड्यावर पिवळ्या रंगात सात आकडा आणि त्याखाली ‘पिण्यासाठी नाही’. एवढाच माझा थाट.

मला पाडलं तेव्हा भिंतीपलीकडे कारखाना उभा राहत होता. कोळशापासून गॅस करायचा कारखाना. तिथे कोळसा उघड्यावर जाळत नाहीत. बंद भांड्यात कोंडतात, वाफ सोडतात, प्राणवायू बेताचाच देतात. मग तो धड जळत नाही, त्याचा गॅस होतो. त्या गॅसपासून पुढे खत, इंधन, काय काय. गेटवर मोठा फलक लागला होता: एक हिरवं पान आणि खाली ‘धुराविना कोळसा’.

धूर दिसत नव्हता हे खरं. पण म्हणून कोळशातली घाण काय हवेत विरघळून देवाघरी जाते? थोडी राखेच्या ढिगात जाते. थोडी उंच नळीतून बिनरंगाचा वायू होऊन आभाळात जाते, आणि दिसत नाही म्हणून तिला कोणी शिव्याही देत नाही. उरलेली पाण्यात उतरते. गॅस पाण्याने धुवावा लागतो ना! ते धुतलेलं पाणी काळपट, डांबरासारखं, उग्र वासाचं. ते एका मोठ्या तळ्यात साठवायचं, तळ्याच्या तळाशी जाड प्लास्टिक अंथरायचं, आणि ते प्लास्टिक गळतंय का हे कळावं म्हणून तळ्याभोवती बोअरी पाडायच्या, असा नियम. आम्ही अकरा जणी. मी सातवी, तळ्याच्या उतारावर, भिंतीच्या बाहेर, एका लाँड्रीच्या अंगणात.

लाँड्री साधीसुधी नव्हती. दवाखान्याच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट, सगळं तिथे धुवायला यायचं. दोन मोठी मशीनं, एक सिमेंटचा हौद, मागे इस्त्रीची खोली. मालकीणबाईंना सगळा रस्ता वहिनी म्हणायचा. धुण्याचं वहिनी बघायच्या, इस्त्री त्यांचे यजमान करायचे. त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. आणि वहिनींच्या सासूबाई, आत्याबाई, त्या दोघांनाही बघायच्या. पाणी त्यांच्या स्वतःच्या विहिरीचं. ती विहीर माझ्यापासून वीस पावलांवर, आणखी खालच्या बाजूला. हे ध्यानात ठेवा. वर तळं, मध्ये मी, खाली विहीर. हे एका ओळीत आहे हे मला पहिल्या दिवशी कळलं होतं. कारखान्यातल्या शिकलेल्या लोकांना कळायला अकरा वर्षं लागली.

पहिली आठ वर्षं माझी चांगली गेली, कारण तेव्हा मास्तर होते. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. कारखान्यात नमुने गोळा करायची नोकरी. पण दिसेल त्याला काहीतरी समजावून सांगायची खोड, म्हणून मास्तर. दर तीन महिन्यांनी यायचे. कुलपाला तेलाचा थेंब द्यायचे, टोपण उघडायचे, आणि आधी फीत आत सोडून पाणी किती खोल आहे ते मोजायचे. मग हातपंपाने आतलं शिळं पाणी उपसायचे. पाइपभर पाणी तीनदा काढायचं, मगच बाटली भरायची, हा त्यांचा नेम.

“एवढं फुकट का घालवता हो मास्तर?” वहिनींनी एकदा विचारलं.

“पाहुणा दारात आला की लगेच ‘काय काम काढलंत’ विचारता का? आधी इकडचं तिकडचं बोलू देता. मग तो खरं काय ते सांगतो. पाण्याचंही तसंच.”

मी सांगायचे. पहिल्या वर्षी माझं पाणी बारा मीटरवर होतं. आठव्या वर्षी एकोणीसवर गेलं. गॅस करायला वाफ लागते, धुवायला पाणी लागतं, थंड करायला पाणी लागतं. कारखाना जमिनीखालून घटाघटा पीत होता. मास्तरांनी तसं लिहून दिलं. वरून उत्तर आलं, ‘पाऊस कमी झाला असावा.’ त्या वर्षी आमच्या अंगणात गुडघाभर पाणी तुंबलं होतं! आत्याबाईंची चप्पल वाहून गेली होती! पण कागदावर पाऊस कमी झाला म्हणजे झाला.

मास्तर निवृत्त झाले आणि काम ठेकेदाराकडे गेलं. ठेकेदाराचा माणूस आला. तो चहा पितानाही डोक्यावरचं हेल्मेट काढायचा नाही, म्हणून आत्याबाईंनी त्याचं नावच हेल्मेट ठेवलं. त्याच्या हातात आसपासच्या कारखान्यांच्याही धरून तीस बोअरींची यादी, आणि सगळ्या संध्याकाळच्या आत उरकायच्या. तोवर माझ्या कुलपाला तेल मिळून बरेच महिने झाले होते. चावी फिरेना. त्याने दगडाने दोनदा ठोकलं, घड्याळ बघितलं, आणि निघून गेला.

मला वाटलं, करवत आणायला गेला.

पुढच्या खेपेला तो गाडीतून उतरलाच नाही. त्याच्या पुढच्या खेपेला गाडी आमच्या गल्लीत वळलीसुद्धा नाही. मग आत्याबाईंनी विचार केला, हे नळकांडं नुसतंच उभं आहे, काहीतरी कामाला येऊ दे. त्यांनी कपड्यांची दोरी एका बाजूला झाडाला बांधली, दुसरं टोक माझ्या टोपणावरून, कुलपाच्या कडीतून पाच वेळा गुंडाळून गच्च गाठ मारली. मी तपासणीची बोअर, माझा झाला खुंटा! अभ्रे वाळत घालणं वाईट काम आहे असं मी म्हणत नाही. पण चाळीस मीटर खोल खड्डा त्यासाठी लागत नाही.

आणि नेमकं तेव्हाच व्हायचं ते झालं.

कारखान्याने गॅसचं आणखी एक भांडं चढवलं. तळं पुरेना. तळाचा गाळ उपसायला यंत्र उतरवलं, आणि यंत्राच्या दातांनी खालचं प्लास्टिक फाडलं. हे पुढे चौकशीत बाहेर आलं. पण मला आधीच कळलं होतं. एका सकाळी माझ्या चिरांतून आत आलेल्या पाण्याला वास होता. दवाखान्याची फरशी पुसल्यावर येतो तसा. काळ्या पाण्यातलं फिनॉल होतं ते.

तुम्हाला खरं सांगते, मला भीती वाटली नाही. मला हुरूप आला! याचसाठी तर मला पाडलं होतं. आता येतील, उघडतील, नाक मुरडतील, धावपळ करतील, खालच्या विहिरीचा पंप बंद करायला सांगतील. अजून वेळ होता. पाणी जमिनीखालून मुंगीच्या पावलांनी चालतं. माझ्यापासून विहिरीपर्यंतची वीस पावलं चालायला त्याला चार महिने लागले.

चार महिने! तेवढ्यात माणूस एक टोपण उघडू शकत नाही?

वास विहिरीत पोचला आणि तिथून चादरींत शिरला. आता गंमत ऐका. दवाखान्याच्या मेट्रनबाई स्वतः लाँड्रीत आल्या आणि म्हणाल्या, “वहिनी, हल्ली तुमच्या चादरींना काय छान स्वच्छ वास येतो हो! कुठलं औषध घालता?”

वहिनी खूश. “आमच्या हाताचा गुण, दुसरं काय!”

मला कपाळ असतं तर मी ते बडवून घेतलं असतं. विषाला दवाखान्याचा वास, आणि चादरी दवाखान्याच्या. कोणाला शंका येणार? वहिनी धुण्यात ब्लीचिंग पावडर घालायच्या. ती त्या पाण्यात पडली की वास दुप्पट व्हायचा. लोक म्हणायचे, वा, दुप्पट स्वच्छ.

पहिली तक्रार आत्याबाईंची. सकाळचा पहिला घोट घेतला आणि कप खाली आपटला. “चहात फिनेल घातलंस का गं?”

“चहात फिनेल कोण घालेल आत्याबाई?”

“ते तू सांग. चहा तू केलास.”

दोघींचा दोन दिवस अबोला. मग भाऊंचे हात. हौदात चादरी पिळायला ते मदत करायचे. आधी बोटांची कातडी पांढरी पडली, मग सोलली, मग चरे पडून जखमा झाल्या. इस्त्रीची मूठ धरवेना. डॉक्टर म्हणाले, साबण बदला. बदलला. परत बदलला. तिसऱ्यांदा बदलला. साबण बिचारा काय करणार?

मग एक दिवस मेट्रनबाई परत आल्या. या वेळी त्यांच्यामागे गाठोडी होती. चार पेशंटांच्या पाठीवर लाल चट्टे उठले होते, त्यात एक पाच दिवसांची बाळंतीण. “मी तुम्हाला दोष देत नाही,” मेट्रनबाई म्हणाल्या, “पण पाण्याचं काहीतरी बघा. तोवर आमचे कपडे नकोत.” वहिनी दारात उभ्या राहून गाठोड्यांकडे बघत राहिल्या. त्यांनी त्या चादरी स्वतःच्या मुलांच्या अंथरुणासारख्या धुतल्या होत्या. त्या रात्री जेवल्या नाहीत, असं आत्याबाई सकाळी झाडाला सांगत होत्या. मलाच सांगत होत्या म्हणा ना, दोरी मध्ये होती.

वहिनींनी कारखान्यात अर्ज दिला. अकराव्या दिवशी पर्यावरण विभागाचे साहेब आले. गाडी चालवायला हेल्मेटच. साहेबांनी माझ्यापासून दोन हातांवर उभं राहून फाइल उघडली.

“हे बघा, सात नंबर. तुमच्याच अंगणातली. तीन वर्षांच्या सगळ्या तपासण्या आहेत. फिनॉल शून्य. सगळ्या वेळेला शून्य. तेव्हा तुमच्या विहिरीचं काय असेल ते तुमच्या साबणाचं.”

“कुठली सात नंबर?” वहिनींनी विचारलं.

“ही काय.”

“ही? ही तर तीन वर्षांत कोणी उघडली नाही.”

“तुम्ही घरात असाल बाई.”

“मी घरात असेन. दोरी तर बाहेर होती ना? दोरी सोडल्याशिवाय टोपण हलत नाही. बघा हलवून.”

साहेबांनी दोरीकडे पाहिलं. “सोडून परत बांधली असेल.”

आत्याबाई पुढे आल्या. “ही गाठ माझी आहे. माझी गाठ माझ्या मुलालाही सुटत नाही, कात्री आणावी लागते. तुमच्या माणसाला विचारा, त्याने कुठल्या हाताने सोडली.”

हेल्मेट स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

“माझ्याकडे कागद आहे,” साहेब फाइल मिटत म्हणाले.

“आणि माझ्याकडे पाणी आहे,” वहिनी म्हणाल्या.

साहेबांची गाडी वळते न वळते तोच वहिनी मास्तरांच्या घराकडे निघाल्या. दोन गल्ल्या पलीकडे राहायचे ते. तास गेला नाही तोच मास्तर घरच्या कपड्यांत, पायात सपाता, काखोटीला जुना हातपंप आणि हातात करवत घेऊन हजर.

भाऊ जरा चाचरले. “मास्तर, कुलूप तोडायचा तुम्हाला अधिकार आहे का?”

“नाही. तुम्हाला आहे?”

“अंगण तर आमचं आहे.”

“मग करवत तुम्ही धरा.”

भाऊंच्या हातांना पट्ट्या बांधलेल्या. करवत शेवटी वहिनींनी धरली. आत्याबाईंनी आपलीच गाठ कात्रीने कापली. कुलूप पडलं, टोपण उघडलं, आणि तीन वर्षांनी माझ्या तोंडाला हवा लागली. मास्तरांनी फीत सोडली. तेवीस मीटर. मग उपसायला सुरुवात केली. पहिल्या बादलीलाच वहिनींनी पदर नाकाला लावला. पाणी चहासारखं तांबूस, वर तेलाचा पातळ तवंग.

“भरा की आता बाटली!” भाऊ ओरडले.

“नाही. तीनदा उपसायचं. ते म्हणतील शिळं पाणी भरलं.” मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. वासाने म्हणे.

चार बाटल्या भरल्या. एक कारखान्याला, एक सरकारी प्रयोगशाळेला, एक विद्यापीठाला, आणि एक वहिनींनी इस्त्रीच्या खोलीत कपाटावर ठेवली. उत्तरं आली. विद्यापीठ म्हणालं, मर्यादेच्या अडतीस पट. सरकारी प्रयोगशाळा म्हणाली, छत्तीस पट. कारखाना म्हणाला, बाटली फुटली.

शाळेच्या सभागृहात सुनावणी झाली. मी जाऊ शकत नाही, पण वहिनींनी घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं ते मी शब्दन्‌शब्द ऐकलं. तीन वर्षं शून्य कसं आलं, असं विचारल्यावर साहेब पाणी प्यायले, फाइल चाळली, परत पाणी प्यायले. तेव्हा मागच्या रांगेतून हेल्मेट उठला. पहिल्यांदाच त्याने डोक्यावरचं काढून हातात घेतलं होतं. म्हणाला, “सात नंबरच्या बाटलीत कॅन्टीनच्या नळाचं पाणी असायचं. कुलूप गंजलंय असं मी वर कळवलं होतं. ते म्हणाले, काहीही कर, रकाना रिकामा नको.”

खरं बोलला. फार उशिरा बोलला, पण बोलला. आणि नोकरी गेली कोणाची? त्याची. एकट्याची! रकाना भरायला सांगणारा अजून खुर्चीत आहे. तळं फाडणाऱ्या यंत्राचा मालक कोण, ते अजून कोणाला आठवत नाही. सगळ्या कारखान्याचं पाप एका बाटलीवाल्याच्या माथी, आणि बाकीचे हात धुऊन मोकळे. हात धुवायला कॅन्टीनचा नळ आहेच.

पण खरी हद्द पुढेच आहे. सुनावणीनंतर पंधरवड्याने अंगणात चार मजूर आले. बरोबर सिमेंटची पोती आणि एक मुकादम. हातात आदेश: ‘सात नंबरची बोअर नादुरुस्त असल्याने कायमची बुजवण्यात यावी.’

नादुरुस्त! मी! बारा वर्षांत एकटी मीच दुरुस्त होते हो! बाकी सगळ्यांना गंज चढला होता.

वहिनींनी आदेश वाचला. मग आतून इस्त्रीच्या खोलीतलं स्टूल आणलं, माझ्यापाशी ठेवलं आणि त्यावर बसल्या. आत्याबाई म्हणाल्या, मलाही खुर्ची आण रे. भाऊंनी आणली. मास्तर आले, त्यांना पायरी पुरली. मुकादमाने एकदा सगळ्यांकडे पाहिलं.

“बाई, आम्ही हुकमाचे ताबेदार.”

“मग हुकूम देणाऱ्याला इथे बोलवा,” वहिनी म्हणाल्या. “काट्याने खरं वजन सांगितलं म्हणून काटा मोडायचा का? माझी विहीर तुम्ही मारलीत. आता ती मेली हे सांगणारीलाही मारणार?”

मजूर दुपारपर्यंत सावलीत बसले. मग पोती उचलून गेले. दुसऱ्या दिवशी परत आले, स्टूल होतंच. असं नऊ दिवस चाललं. नवव्या दिवशी सरकारी खात्याचं पत्र आलं: बोअर राहील, महिन्याला तपासणी होईल, नवीन कुलपाच्या दोन चाव्या असतील, एक खात्याकडे, एक वहिनींकडे, आणि वहिनींच्या सहीशिवाय नमुना धरला जाणार नाही.

जिंकलो म्हणायचं का? बघा तुम्हीच. विहिरीवर फळ्या ठोकल्या आहेत. मशीनं झाकून ठेवली आहेत. धुणं बंद, आता फक्त इस्त्री. दवाखान्याचे कपडे दुसरीकडे जातात. प्यायला टँकर येतो, आला तर. भाऊंचे हात बरे झाले, पण दोन बोटं पूर्ण वळत नाहीत. तळं रिकामं केलं, नवं प्लास्टिक अंथरलं, त्याचा फोटो पेपरात आला. गेटवरचं हिरवं पान नव्याने रंगवलं.

आणि माझं पाणी? गेल्या महिन्यात तपासलं तर एक्केचाळीस पट. वाढलंच! साहेब वैतागले. “तळं तर बंद केलं, मग वाढतंय कसं?” अहो, तळं बंद केलंत, पण तोवर जे जमिनीत मुरलं ते चालतंच आहे. मुंगीच्या पावलांनी चालतंय, पण चालतंय. त्याला तुमचं पत्र मिळालेलं नाही. अजून खूप वर्षं ते येत राहील, माझ्यातून जाईल, विहिरीतून जाईल, मग कोणाच्या अंगणात जाईल ते तिथली आठ नंबर सांगेल. तिचं कुलूप कधी उघडलंय का, विचारलं आहे कोणी?

म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं आहे. तुमच्याही आसपास असं एखादं नळकांडं असेल, आकडा घातलेलं, कशाचं ते कोणाला माहीत नसलेलं. त्याला सायकल टेकवता, कपडे वाळत घालता. एकदा जाऊन विचारा, चावी कोणाकडे आहे. शेवटचं कधी उघडलं. आणि ‘सगळं शून्य’ असं सांगितलं तर तेवढ्यावर घरी जाऊ नका. उघडून दाखवा म्हणा. आम्हाला पाडायला तुम्ही एवढं यंत्र आणता, दगड फोडता, चाळीस मीटर खाली जाता. विचारलंच आहे तर उत्तर ऐकायला थांबा की जरा!

वहिनींनी आता एक नवीन काम काढलंय. कपड्यांवर गिऱ्हाइकाची निशाणी घालायची पक्की शाई असते, कितीही धुतली तरी न जाणारी. दवाखान्याने परत केलेल्यांतली एक चादर त्यांनी रस्त्याच्या बाजूला, कारखान्याच्या गेटसमोर येईल अशी टांगली आहे. दर महिन्याचा आकडा त्या तिच्यावर हातभर मोठा लिहितात. अडतीस. एकोणचाळीस. एकोणचाळीस. एक्केचाळीस. साहेबांनी निरोप पाठवला, जरा लहान अक्षरात लिहा. वहिनींनी उलट निरोप पाठवला, आकडा लहान करा, अक्षर आपोआप लहान होईल.

आज परत तपासणीचा दिवस आहे. मास्तर पायरीवर बसून फीत पुसतायत, वहिनींनी पदर खोचलाय, कुलपात तेल घातलंय. आणि चादरीवर अजून पुष्कळ जागा कोरी आहे.